संध्याकाळी हात कशानं धुता?

या महिन्यातली तीन पत्रं एकाच जातीची निघाली. तिन्ही घरांत थिनर, चिकटवायचं सोल्युशन नाहीतर तेल-ग्रीस काढायचं एखादं उडून जाणारं द्रव्य रोज अंगाला लागतंय. गोऱ्या रंगाच्या क्रीमबद्दलची आणि केसगळतीची पत्रं त्यामुळे पुढच्या अंकावर ढकलली आहेत. ती थांबू शकतात. ही थांबण्यासारखी नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर हायवेवरच्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारायचं काम करतात. पंधरा-सोळा वर्षं झाली. वय 38. दोन वर्षांपासून दोन्ही हात कोरडे पडून भेगा पडल्यात, बोटांच्या पेरांवरचं कातडं सोलतं. भाकरी-ठेचा खाताना हात झोंबतात म्हणून चमच्यानं जेवतात. मेडिकलमधून ट्यूब आणली, ती लावली की चार दिवस बरं वाटतं आणि बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त होतं. गणपतीत दहा दिवस गावी होते तेव्हा हात बरेच सुधारले होते. गेल्या महिन्यात रेशन दुकानात त्यांचा अंगठाच उमटला नाही. धाकटी मुलगी तर बाबांनी गालाला हात लावला की ‘टोचतं’ म्हणून तोंड फिरवते. हे सोरायसिस आहे का? आम्हाला लागेल का?
(एक भगिनी, करवीर तालुका)

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. हे तुम्हाला किंवा मुलीला लागणार नाही. तिला त्यांच्याजवळ जाऊ द्या. कामाचे कपडे मात्र वेगळे भिजवा.

गणपतीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. निम्मं निदान तिथेच झालं. दहा दिवस कामापासून लांब राहिल्यावर हात भरून येतात आणि कामावर गेल्यावर पुन्हा फुटतात, तेव्हा दोष कामाच्या जागी शोधायचा असतो. दोन्ही हात सारखे बिघडलेत हीसुद्धा एक खूण आहे. नायटा बऱ्याचदा एकाच हाताला आणि दोन्ही पायांना होतो. तरी खात्रीसाठी सोललेल्या कातडीचा कोंडा काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा. पाच मिनिटांचं काम आहे, कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे होतं. सोरायसिस असता तर कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात चट्टे असण्याची शक्यता होती. त्यांच्या अंगावर तसं काही आहे का, ते एकदा बघा.

असे हात घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : संध्याकाळी हात कशानं धुता? बहुतेक जण सांगतात, थिनरनं, मग कपड्याच्या पावडरीनं. हे काय असतं ते बघायला काही वर्षांपूर्वी शिरोलीच्या बाजूला एका गॅरेजात काम सुटायच्या वेळी जाऊन उभी राहिले. रंगाऱ्यानं बनियन वेस्टचा बोळा थिनरच्या डब्यात बुडवला आणि तळहातापासून कोपरापर्यंत घासला. रंग उतरला. हात वाळला तसा खडूसारखा पांढरा पडला. मग ओल्या हातावर मूठभर पावडर, तारेची घासणी आणि नळ. “आता झाले बघा मॅडम स्वच्छ,” म्हणून त्यानं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतून बारीक रक्त येत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. रोजचंच होतं.

तो पांढरेपणा काय असतो ते सांगते. आपल्याकडच्या धनगरी घोंगडीवर पाऊस पडला तर थेंब बराच वेळ वरच राहतात, कारण लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल असतं. तीच घोंगडी सोड्यात उकळून धुतली की पाणी थेट आत शिरतं. कातडीचंही असंच आहे. हाताच्या पाठीवरचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, केसापेक्षाही पातळ असतो. त्यातल्या चपट्या, मेलेल्या पेशींना सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं धरून ठेवतात. आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर राहतं ते या स्निग्धतेमुळे. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट असली द्रव्यं असतात आणि स्निग्ध पदार्थ विरघळवणं हाच त्यांचा धर्म. रंगातलं तेल कुठलं आणि कातडीतलं कुठलं, हे त्यांना कळत नाही.

एकदा असं तेल निघालं की तरुण माणसाच्या कातडीला ते निम्मं भरून काढायला काही तास आणि पूर्ण भरायला सुमारे तीन दिवस लागतात. वय वाढलं की त्याहून जास्त. तुमच्या मिस्टरांच्या हाताला ते तीन दिवस पंधरा वर्षांत मिळालेत ते फक्त सणासुदीला. त्यात कपड्याची पावडर. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5. पावडरीचं पाणी 10 च्या आसपास. म्हणजे आधी तेल काढायचं, मग उघड्या पडलेल्या कातडीवर अल्कली चोळायची आणि वर तारेची घासणी. दिवसभरात अधूनमधून हातावर उडालेल्या थिनरनं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त त्या नळाखालच्या पाच मिनिटांत होतं, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

माझे वडील छापखान्यात मशीनवर होते. शाई काढायला रॉकेल. आई रात्री चुलीच्या उबेला कोकमतेलाचा गोळा पातळ करायची आणि त्यांच्या भेगांत सोडायची. ते डोळे मिटून बसायचे. सकाळी भेगा मऊ असायच्या आणि संध्याकाळी पुन्हा रॉकेल. आईचं औषध चुकीचं नव्हतं, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. पण रॉकेल बदलायला हवं असं घरात कुणाला सुचलं नाही, आणि छापखान्यात त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणून तुमच्यासारखं पत्र आलं की मलमाचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिते.

तर आता करायचं काय? कामाला लागण्याआधी हाताला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोळावं. त्यानं थिनर अडत नाही, पण रंग खोलवर चिकटत नाही आणि नंतर लवकर निघतो. संध्याकाळी ओला किंवा अर्धवट ओला रंग स्वयंपाकाच्या गोडेतेलानं काढावा. दोन चमचे तेल हातावर घेऊन दोन-तीन मिनिटं चोळायचं, जुन्या सुती फडक्यानं पुसायचं, मग अंगाच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुवायचं. बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा टिपून कोरडी करायची. अंगठी तर कामावर नकोच, तिच्याखाली थिनर साचून राहतं. पूर्ण वाळलेला लॅकर तेलानं निघणार नाही, तो राहू द्या. कातडीबरोबर तो चार-आठ दिवसांत आपोआप झडतो. नखाच्या कडेला रंग राहिला म्हणून रंगाऱ्याची लाज जात नाही, हे त्यांना तुम्हीच समजावा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. हात ओलसर असतानाच जाड थर पेट्रोलियम जेलीचा, आणि झोपताना त्यावर सुती मोजे.

हातमोज्यांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूनं नुकसान होतं. पांढरे किंवा पिवळे रबरी मोजे थिनरमध्ये फुगतात, चिकट होतात आणि थिनर आत येतं. उघड्या हातावरचं थिनर निदान उडून तरी जातं. मोज्यात कोंडलेलं उडू शकत नाही, ते भाजतं. डॉक्टर वापरतात तसे पातळ निळे नायट्राइलचे मोजे रॉकेल-डिझेलला चांगले, पण ॲसिटोन आणि टोल्युइनसमोर ते काही मिनिटंच टिकतात. शिंतोडे अडवायला ते वापरावेत आणि भिजले की लगेच फेकावेत. ॲसिटोनला ब्युटाइल रबर टिकतं, पण टोल्युइनला टिकत नाही, आणि थिनरमध्ये दोन्ही असतात. त्यामुळे सगळ्यात उत्तम म्हणजे हात डब्यात जाऊच नये. स्प्रे गन धुताना ती सुटी करून झाकणाच्या डब्यात भिजत ठेवायची आणि लांब दांड्याच्या ब्रशनं घासायची. एवढा एक बदल केला तरी दिवसातला निम्मा संपर्क कमी होतो.

कोंडलेलं थिनर काय करतं याचं एक उदाहरण विसरता येत नाही. एका तरुणाच्या उजव्या मांडीवर लालभडक चट्टा होता, वर फोड आलेले. आकार चौकोनी, कडा सरळ. एवढ्या सरळ रेषेत रोग कधी उठत नाही. मी त्याला पँट दाखवायला सांगितली, तर चट्टा बरोबर खिशाच्या मापाचा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं सारखं हाताशी हवं म्हणून तो खिशात ठेवायचा. तुमच्या मिस्टरांनाही ही सवय आहे का, ते विचारा.

आता ती ट्यूब. चार दिवसांत बरं वाटून बंद करताच उसळतं, यावरून तिच्यात जोरदार स्टिरॉइड असणार. बाजारातल्या असल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेलं असतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी दुकानातून ती मिळत राहतात. दाह उतरवायला स्टिरॉइड लागेल, पण ते दोन-तीन आठवडे, तपासून, मापानं. वर्षानुवर्षं लावलं तर आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा म्हणजे त्यांना नाव कळेल.

सहा-आठ आठवडे हे नीट पाळूनही हात फुटत राहिले, किंवा पापण्या आणि मान सुजायला-खाजायला लागली, तर पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर संशयित पदार्थांच्या टिकल्या चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि पुन्हा 72 ते 96 तासांनी. तेवढे दिवस पाठीला पाणी लावता येत नाही, म्हणून घामाच्या मे महिन्यात नको. थिनरनं होतो तो बहुतेक वेळा नुसता दाह. तो ज्याला पुरेसं थिनर लागेल त्या कुणालाही होतो. ॲलर्जी वेगळी, ती हार्डनर, इपॉक्सी, रबराच्या मोज्यातली रसायनं यांची असू शकते, आणि एकदा बसली की थेंबभरही पुरतो. दोन भागांच्या रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यातल्या आयसोसायनेटनं दमाही जडतो. रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल तर हातांची वाट न बघता छातीच्या डॉक्टरांना दाखवा. तोंडाला बांधलेल्या रुमालातून वाफ सरळ आत जाते.

अंगठ्याचं म्हणाल तर बोटावरच्या रेषांचा साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. वरचा थर सोलून गेल्यानं त्या उथळ दिसतात. भेगा भरल्या की काही आठवड्यांत ठसा परत येतो. तोवर रेशनला दुसरं बोट लावून बघायला सांगा, करंगळी किंवा अनामिका बऱ्याचदा शाबूत असते. हात बरे झाल्यावर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यावेत.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. दोन महिन्यांत हात डोळ्यांना पूर्ण बरे दिसतील, तरी आतून घट्ट व्हायला चार-पाच महिने लागतात. “झाले की बरे” म्हणून त्या दिवसांत पुन्हा थिनरचा बोळा हातात आला तर सगळं मागे जातं.

प्रश्न : मी घरी बसून चपलांचे सोल आणि पट्टे चिकटवते. सोल्युशन बोटानंच लावते, ब्रशनं वेळ जातो. बोटांची टोकं फाटतात, खाजतात. पण आता दोन महिने झाले, पायांना मुंग्या येतात. पायातली स्लीपर कधी निसटली ते कळत नाही. जिना चढताना गुडघ्यातून जाते. हे पण त्वचेचंच आहे का? खोली दहा बाय दहाची आहे, बाळ तिथेच झोपतं.
(एक वाचक, चेंबूर)

उत्तर : नाही ताई. बोटांचं त्वचेचं आहे, पायांचं नाही. पायांचं आधी बघायचं, आणि काम आजपासून बंद ठेवायचं. रोज मिळणारे पैसे बुडतील हे जाणून लिहिते आहे.

चिकटवायच्या सोल्युशनमध्ये पुष्कळदा हेक्झेन नावाचं द्रव्य असतं. श्वासातून आणि थोडं कातडीतून ते शरीरात जातं, यकृतात त्याचं दुसरं एक रसायन बनतं आणि ते हातापायांच्या लांब मज्जातंतूंना इजा करतं. सगळ्यात लांब तंतू पायाचे, म्हणून सुरुवात पायापासून. 1960 च्या दशकात जपानमध्ये घरी बसून व्हिनाइलच्या चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार मोठ्या संख्येनं आढळला होता. तुमच्यासारखीच लहान खोली, बंद खिडकी, तेच काम. तुम्ही लिहिलेली निसटणारी स्लीपर ही त्याची अगदी ओळखीची खूण आहे. मुंग्या मधुमेहानं आणि बी-12 कमी झाल्यानंही येतात, म्हणून रक्ततपासणी होईल. पण सोल्युशनचा डबा सोबत न्या आणि किती तास, कशा खोलीत काम करता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. विचारलं जाईल याची वाट बघू नका. शीव, केईएम, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मेंदू आणि मज्जासंस्थेचे विभाग आहेत, तिथे नसांच्या वहनाची तपासणी होते.

काम बंद केल्यावरही काही आठवडे पाय आणखी ढिले पडल्यासारखे वाटतात. घाबरू नका आणि “बंद करून काय फरक पडला” म्हणून परत सुरूही करू नका. त्यानंतर हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानं, ताकद येते. जितकं लवकर थांबाल तितकं जास्त परत मिळेल.

बाळाला त्या खोलीत झोपवू नका. शेजारी, नातेवाइकांकडे, कुठेही. आणि उघड्या डब्याशेजारी गॅस पेटवू नका, वाफ जमिनीलगत पसरते आणि भडकते.

बोटांना पॅच टेस्ट लागेल. या चिकटवणीतलं एक रेझिन ॲलर्जी करण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण ते पाय सावरल्यावर बघू.

प्रश्न : मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. सुटे भाग धुण्याच्या टाकीवर काम, टाकीत टीसीई असतं म्हणाला. तीन आठवड्यांनी ताप, सर्वांगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे पिवळे. आधी गोवर म्हणाले, मग औषधाची रिॲक्शन. पण त्यानं त्याआधी कुठलीच गोळी घेतली नव्हती. पंधरा दिवस दवाखान्यात होता. आता बरा आहे. ठेकेदार परत बोलावतोय, “याच्या अंगातच दोष, बाकीच्यांना काही झालं नाही” म्हणतो. पाठवू का?
(एक वडील, चाकण परिसर)

उत्तर : दादा, त्या टाकीवर पाठवू नका. त्या शेडमध्येही नको. मी जेवढं ठामपणे लिहू शकते तेवढं ठामपणे लिहिते आहे.

तुम्ही कळवलेला क्रम, म्हणजे नवीन काम, दोन ते पाच आठवड्यांत ताप, पुरळ आणि यकृताला सूज, हा ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजेच टीसीईच्या अतिसंवेदनशीलतेशी तंतोतंत जुळतो. चीन, थायलंड, फिलिपिन्स इथल्या कारखान्यांतून असे रुग्ण नोंदले गेले आहेत आणि त्यांतले काही दगावलेही. पुन्हा थोडासा जरी संपर्क आला तरी आजार उलटतो आणि दुसऱ्यांदा जास्त जोरानं येऊ शकतो.

“अंगातच दोष” या बोलण्याचं उत्तर देते. काही जणांत एक विशिष्ट जनुक-प्रकार असतो, एचएलए-बी 13:01, आणि त्यांच्यात हा आजार होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. तो रंग-उंचीसारखा जन्मानं मिळतो. तो घेऊन तुमचा मुलगा वीस-बावीस वर्षं ठणठणीत जगला. आजारी पडला तो टाकीमुळे. शिवाय बाकीच्यांना काही झालं नाही म्हणून ते सुरक्षित आहेत असंही नाही. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं टीसीईला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

हाच जनुक-प्रकार डॅप्सोन या गोळीच्या तीव्र रिॲक्शनशीही जोडलेला आहे. ती कुष्ठरोगात आणि त्वचेच्या इतर काही आजारांत देतात. म्हणून पुढे कधीही, कुठल्याही डॉक्टरांनी डॅप्सोन लिहिली तर हा आजार होऊन गेल्याचं सांगायचं. एका कागदावर लिहून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवून द्या.

ठेकेदारामार्फत असला तरी महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, बसायला हवा. पगारपत्रकात ती कपात आहे का बघा. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत, टीसीई ज्यात मोडतं त्या हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बनमुळे होणारे आजार आहेत, आणि रसायनांनी होणारा त्वचेचा दाह कायद्यानं सरकारला कळवण्याजोगा आजार ठरवला आहे. तो कळवण्याची जबाबदारी कारखान्याची जशी आहे तशी उपचार करणाऱ्या डॉक्टरचीही आहे. आमच्यापैकी फार थोडे ती पाळतात आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड, यकृताच्या तपासण्यांचे सगळे कागद आणि भरती झाल्याची तारीख घ्या. कामावर लागल्याची तारीख सिद्ध करणारं काहीही, गेट पास, हजेरीचा मेसेज, सोबत ठेवा. या दोन तारखांमधलं अंतर हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.